खेळ नीट बनवला की मजा येतेच का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

व्हिडिओ गेमची मजा त्याच्या डिझाइनवर कितपत अवलंबून असते, या विषयावर आलेल्या पत्रांतले हे निवडक प्रश्न. काही पत्रे खेळणाऱ्यांची आहेत, काही स्वतः गेम बनवणाऱ्यांची. त्यामुळे कुठे उत्तर गप्पांच्या अंगाने गेले आहे, तर कुठे थेट आकडेमोडीत शिरले आहे.

प्रश्न : सगळीकडे वाखाणलेला एक गेम घेतला आणि आठ तासांत कंटाळलो. उलट मित्रांबरोबर रोज रात्री एक फुकटचा, बगांनी (प्रोग्रॅममधल्या चुकांनी) भरलेला गेम खेळतो आणि हसून हसून मुरकुंडी वळते. मग चांगल्या डिझाइनचा आणि मजेचा काही संबंध आहे की नाही?

उत्तर : आहे. पण तुम्ही ज्या दोन गेमची तुलना करताय, त्यांतली मजाच एका जातीची नाही. रॉबिन हुनिके, मार्क लेब्लांक आणि रॉबर्ट झुबेक यांनी २००४ साली ‘एमडीए’ (मेकॅनिक्स, डायनॅमिक्स, एस्थेटिक्स : नियम, खेळताना जे घडते ते आणि त्यातून जे वाटते ते) नावाची मांडणी केली. तिच्यात मजेचे आठ प्रकार आहेत : डोळ्याकानांचे सुख, कल्पनेतले जग, गोष्ट, आव्हान, सोबत, शोध, स्वतःचे काही घडवणे आणि नुसता वेळ घालवणे. त्यांचा मुद्दा असा, की डिझायनरच्या हातात फक्त नियम असतात. नियमांतून खेळताना काय काय घडते आणि त्यातून खेळणाऱ्याला काय वाटते, या पुढच्या दोन पायऱ्यांवर त्याचा थेट ताबा नसतो. म्हणजे उत्तम डिझाइनचा गेमही तुम्हाला नको असलेली मजा उत्तम रीतीने देत असू शकतो.

तुमचे प्रकरण तपासून पाहायचे असेल तर तो बगवाला गेम एकट्याने अर्धा तास खेळा. मग त्याच मित्रांबरोबर दुसराच एखादा गेम काढा. पहिल्यात जांभया आल्या आणि दुसऱ्यातही तितकेच हसलात, तर मजा मित्रांची होती, गेम निमित्तमात्र. पण दुसऱ्या गेममध्ये हसू आले नाही, तर त्या फुकटच्या गेममध्ये काहीतरी नीट जमलेले आहे. बहुतेक वेळा ते असे असते : डाव चारपाच मिनिटांत संपतो, बाद झालेल्याला फार वेळ हात चोळत बसावे लागत नाही, आणि कच्च्या खेळाडूच्या हातूनही अधूनमधून काहीतरी भन्नाट घडते. हेही डिझाइनच. फक्त ते चकचकीत नसते, म्हणून नजरेत भरत नाही. सोबतीच्या गेममध्ये बाद झालेल्याला दहा मिनिटे ताटकळत ठेवा, मग ग्राफिक्स कितीही देखणे असोत, आठवडाभरात टोळी पांगते.

आता वाखाणलेला गेम. त्यातली कुठलीही दहा मिनिटे घ्या आणि घड्याळ लावून मोजा : लढण्यात किती गेली, चालण्यात किती, मेनूत सामान लावण्यात किती, संवाद ऐकण्यात किती. ज्यात सर्वांत जास्त वेळ गेला तेच तुम्हाला आवडत नसेल, तर समीक्षकांनी दिलेल्या गुणांचा तुम्हाला काही उपयोग नाही. पुढचा गेम घेण्याआधी ट्रेलर बघू नका. कुणीतरी न कापता टाकलेले मधल्या भागातले अर्ध्या तासाचे खेळणे बघा.

प्रश्न : गोडो इंजिनमध्ये (गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) टूडी उड्यांचा गेम बनवतोय. सगळे काही चालते, बग नाहीत. तरी खेळून पाहणारे म्हणतात, “कंट्रोल जड वाटतो”, “मी बटण दाबले होते!” कुठून सुरुवात करू?

उत्तर : “मी बटण दाबले होते” ही तक्रार शब्दशः खरी माना. त्यांनी दाबलेले असते. ते एखाददोन फ्रेम (फ्रेम म्हणजे स्क्रीनवरचे एकेक चित्र, सेकंदाला साधारण ६०) लवकर किंवा उशिरा दाबलेले असते, आणि तुमचा कोड तेवढीही सूट देत नाही.

आधी उडीचा आकार ठरवा. गुरुत्वाकर्षण आणि वेग अंदाजाने भरत बसू नका. किती उंच जायचे आणि शिखरावर पोहोचायला किती वेळ लागावा, एवढे ठरवा आणि उरलेले गणिताने काढा. गुरुत्वाकर्षण = २ × उंची ÷ वेळेचा वर्ग; सुरुवातीचा वेग = २ × उंची ÷ वेळ. टाइल, म्हणजे लेव्हल ज्यांची बनते तो एक चौकोन, १६ पिक्सेलची आणि उडी साडेतीन टाइल, म्हणजे ५६ पिक्सेल, आणि वेळ ०.३५ सेकंद धरली, तर वेग येतो सेकंदाला ३२० पिक्सेल आणि गुरुत्वाकर्षण सुमारे ९१४. खाली येताना हेच गुरुत्वाकर्षण दीडपट ते दुप्पट करा. १.६ पट केले तर अख्खी उडी ०.७ ऐवजी ०.६३ सेकंदांत आटोपते आणि ‘तरंगल्यासारखे वाटते’ ही तक्रार थांबते. पडण्याच्या वेगाला वरची मर्यादा घालायला विसरू नका, नाहीतर उंचावरून पडताना खाली काय आहे ते दिसायच्या आत माणूस काट्यांवर असतो.

मग सवलती. पहिली, कोयोटी टाइम : कडेवरून पाय सुटल्यावरही थोडा वेळ उडी मारू द्यायची. ‘सेलेस्ट’ (२०१८) या गेमच्या निर्मात्यांनी नायिकेच्या हालचालीचा कोड सर्वांना खुला केला आहे. त्यात ही मुदत ०.१ सेकंद आहे, म्हणजे ६० फ्रेमच्या हिशेबाने ६ फ्रेम. दुसरी, जंप बफर : जमिनीला टेकण्याच्या किंचित आधी दाबलेले बटण लक्षात ठेवायचे आणि टेकताक्षणी उडी द्यायची. यालाही ०.०८ ते ०.१ सेकंद पुरतात. तिसरी, कोपऱ्याची सवलत : वर जाताना डोके वीट-कोपऱ्याला दोनचार पिक्सेलने अडले, तर उडी तोडण्याऐवजी पात्राला तेवढे बाजूला सरकवायचे. सेलेस्टमध्ये ही मर्यादा ४ पिक्सेल आहे.

यात हमखास फसण्याच्या जागा चार. एक, उडी मारताच कोयोटीचा टाइमर शून्य केला नाही, तर ०.१ सेकंदाच्या आत दुसऱ्यांदा बटण दाबणाऱ्याला हवेत दुसरी उडी मिळते. चलाख खेळाडू पाच मिनिटांत ते हुडकून काढतात. दोन, बटण लवकर सोडले की उडी छोटी, ही सोय तुम्ही ठेवली असेल आणि बफरही असेल, तर टेकण्याआधीच दाबून सोडलेल्या बटणावर पूर्ण उंचीची उडी बसते, कारण ‘सोडले’ ही घटना आधीच होऊन गेलेली असते. म्हणून बफरमधून उडी देताना बटण अजून दाबलेले आहे का, ते तपासा. नसेल तर वेग लगेच निम्मा करा. तीन, बफर रिकामा करायचा राहून जातो : संवाद पुढे ढकलायला दाबलेल्या बटणाने संवाद संपताच पात्र उडी मारते, थेट दरीत. चार, मुदती फ्रेममध्ये मोजू नका, सेकंदात मोजा. गोडोत फिजिक्सचे टप्पे मुळात सेकंदाला ६० असतात. पण टाइमर चित्र काढण्याच्या टप्प्यात फ्रेम मोजून ठेवला, तर १४४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रे दाखवणाऱ्या मॉनिटरवर तुमची सहा फ्रेमची मुदत निम्म्याहून कमी होते.

धावण्याकडेही बघा. पूर्ण वेग गाठायला अर्धा सेकंद लागत असेल, तर ‘जड’ हा शब्द तिथूनच आलाय. सेलेस्टमध्ये तो ०.०९ सेकंदात गाठला जातो. बर्फावर घसरण्याची लेव्हल असेल तर गोष्ट वेगळी.

हे सगळे करूनही जड वाटले, तर गेमच्या बाहेर शोधा. टीव्हीवर खेळून पाहत असाल तर टीव्हीचा गेम मोड चालू करा. एरवी चित्र सुधारण्याच्या नादात काही टीव्ही १०० मिलिसेकंदांपर्यंत उशीर करतात, म्हणजे सहा फ्रेम. तुम्ही प्रेमाने दिलेली कोयोटीची सगळी सूट तो एकटा गिळतो.

प्रश्न : अवघड गेम म्हणजे वाईट डिझाइन का? काही गेममध्ये शंभर वेळा मरूनही राग येत नाही, काहींत तिसऱ्यांदाच कंट्रोलर आपटावासा वाटतो.

उत्तर : अवघड असणे आणि अन्यायी असणे यांत फरक आहे, आणि तो बराचसा मोजता येतो. मेल्यावर खेळणाऱ्याला “का मेलो?” असे विचारा. त्याने दीड सेकंदात उत्तर दिले आणि त्यात “मी” हा कर्ता असला, तर तो गेम अवघड. “कळलेच नाही” किंवा “त्याने मारले” म्हणाला, तर दोष बहुधा डिझाइनचा.

डोळ्यांनी पाहून बोट दाबायला माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. म्हणजे शत्रूने हात उगारल्यापासून घाव बसेपर्यंत १५ फ्रेमपेक्षा कमी वेळ असेल, तर ते चपळाईचे आव्हान राहत नाही, पाठांतर होते. पाठांतराचे गेमही लोक आवडीने खेळतात. पण मग मेल्यावर पुन्हा सुरू व्हायला क्षणभरच लागला पाहिजे. ‘सुपर मीट बॉय’ (२०१०) मध्ये तुम्ही करवतीवर चिरले जाता आणि लगेच परत उभे असता, म्हणून शंभर मरणे सोसवतात. तेच मरण, वर वीस सेकंदांचा लोडिंग स्क्रीन आणि तीन मिनिटांची परतीची चाल घाला, की कंट्रोलर भिंतीकडे निघालाच.

समजावून सांगण्याचा उत्तम नमुना अजूनही १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची पहिली लेव्हल आहे. उजवीकडे चालायला लागताच गुंबा नावाचा एक छोटा शत्रू समोरून येतो. धडकलात तर मेलात, पण गमावले काय? काही सेकंदांची वाट. मग पहिल्या ओळीतल्या प्रश्नचिन्हाच्या खोक्याला डोके आपटले की मशरूम निघते, उजवीकडे सरकते, खाली पडते, पाइपला आपटते आणि उलटी फिरून तुमच्याकडे येते. घाबरून उडी मारावी तर वर विटा. मशरूम अंगावर येतेच आणि मारिओ मोठा होतो. ‘हे खा’ असे कुठेही लिहिलेले नाही.

प्रश्न : स्क्रीनवर वार लागण्याची शक्यता ९० टक्के दाखवतात आणि वार हुकतो. गेम खोटे बोलतात का? बोलत असतील तर ते चांगले डिझाइन कसे?

उत्तर : बोलतात, आणि बहुतेक वेळा तुमच्याच बाजूने. ९० टक्के खरे असले तरी दहा वारांत निदान एक हुकण्याची शक्यता ६५ टक्के असते. गणित बरोबर आहे. पण माणूस ९० टक्के वाचतो आणि ‘नक्की’ समजतो. ‘फायर एम्ब्लेम’ मालिकेच्या २००२ मधल्या ‘द बाइंडिंग ब्लेड’ या भागात यावर तोड काढली : एकाऐवजी दोन यादृच्छिक आकडे काढून त्यांची सरासरी घ्यायची. त्यामुळे दाखवलेले ९० टक्के प्रत्यक्षात ९८ च्या आसपास जातात, ७५ चे जवळजवळ ८८ होतात, आणि १० टक्क्यांचा वार जेमतेम २ टक्के वेळा लागतो. तुमचे शूर योद्धे शूर वाटतात, शत्रूचे तुक्के क्वचित लागतात.

‘टेट्रिस’मध्येही तसेच. तुकडे निव्वळ नशिबावर सोडले, तर सलग ३० तुकड्यांत लांब पट्टी एकदाही न येण्याची शक्यता सुमारे एक टक्का. रोज खेळणाऱ्याला हा दुष्काळ भेटणारच. हल्लीच्या बहुतेक अधिकृत आवृत्त्यांत सातही आकार एका पिशवीत टाकून ढवळतात आणि पिशवी संपली की नवी घेतात. त्यामुळे दोन पट्ट्यांमध्ये जास्तीत जास्त १२ इतर तुकडे येतात. नशीब शिल्लक राहते, पण त्याच्या नावाने खडे फोडता येत नाहीत. मात्र जुन्या जाणत्यांपैकी काहींना हे मिळमिळीत वाटते. दुष्काळातून डाव वाचवणे हीच त्यांची मजा होती, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही.

ही लबाडी एकाच ठिकाणी अंगलट येते : दोन माणसे समोरासमोर खेळत असतील तिथे. एकाला दिलेली गुपचूप सूट ही दुसऱ्यावरची फसवणूक ठरते.

प्रश्न : बगमुळे गेम चांगला झाला, असे कधी झालेय का?

उत्तर : बरेचदा. ‘स्पेस इन्व्हेडर्स’ (१९७८) मधले परग्रहवासी कमी होतात तसे भराभर येतात, कारण कमी चित्रे काढायची असल्याने प्रोसेसरचे काम हलके होते. निर्माते तोमोहिरो निशिकादो यांनी ते तसेच ठेवले. ‘स्ट्रीट फायटर २’ (१९९१) मधले सलग घावांचे कॉम्बो मुळात योजलेले नव्हते. ‘माइनक्राफ्ट’मधला क्रीपर हा राक्षस म्हणजे लांबी-उंची उलटसुलट झालेले डुक्कर. बग सापडतो अपघाताने. तो ठेवायचा की काढायचा हा निर्णय मात्र कुणीतरी डोके लावून घेतलेला असतो. जाता जाता : ‘सिव्हिलायझेशन’मधले गांधी आकड्याच्या घोळामुळे अणुबॉम्ब टाकत सुटायचे, ही या यादीत कायम येणारी कथा खरी नाही. या गेमचे निर्माते सिड मायर यांनी स्वतः २०२० साली ती खोडून काढली.

प्रश्न : लहानपणी वेड लावलेला गेम एम्युलेटरवर (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) लावला, तर अगदी बेचव वाटला. गेम तोच आहे. म्हणजे मी बदललो का?

उत्तर : तुम्ही बदलला असालच, पण आधी यंत्रे तपासा, त्यांचा दोष दूर करता येतो. जुन्या काचेच्या टीव्हीवर चित्र जवळजवळ त्याच क्षणी उमटत असे. आता ब्लूटूथ कंट्रोलर, एम्युलेटर, व्ही-सिंक (चित्र पडद्याच्या ठेक्याशी जुळवण्याची सोय) आणि टीव्हीचे पॅनेल, प्रत्येकजण थोडा थोडा उशीर करतो. रेट्रोआर्क हा एम्युलेटर प्रोग्रॅम वापरत असाल तर असे करा : गेम सुरू करून ‘पी’ने थांबवा, उडीचे बटण दाबून धरा आणि ‘के’ने एकेक फ्रेम पुढे न्या. पात्र हलेपर्यंत किती फ्रेम गेल्या ते मोजा. त्याहून एक कमी आकडा रन-अहेड या, उशीर भरून काढणाऱ्या सेटिंगमध्ये भरा. जास्त भरला तर हालचालीच्या पहिल्या फ्रेम गायब होतात आणि पात्र उडी मारण्याऐवजी हवेत प्रकटते.

गेमची फाइल कुठल्या आवृत्तीची आहे तेही बघा. युरोपसाठीच्या ५० हर्ट्झ आवृत्त्यांतले बरेच गेम नीट जुळवून न घेतल्याने सहाव्या हिश्श्याने संथ चालत. १९९१ चा पहिला ‘सॉनिक’ त्यांतलाच, संगीतासकट. तुम्ही ६० हर्ट्झवर खेळलेला गेम आज ५० वर लावला असेल, तर बेचव वाटणारच.

प्रश्न : एका मोबाइल गेममध्ये रोज हजेरी लावतो. मजा येत नाही, पण सोडवतही नाही. मग तो गेम उत्तम डिझाइनचा म्हणायचा का?

उत्तर : उत्तम डिझाइनचा आहे, तुमच्या मजेसाठी केलेला नाही, इतकेच. हजेरीची साखळी, अनिश्चित बक्षिसे, संपत जाणारी ‘ऊर्जा’ हे भाग तुम्ही परत यावे म्हणून बसवलेले असतात आणि ते आपले काम चोख करतात. पैसे घेऊन काय निघेल ते न सांगणाऱ्या पेट्यांना तर बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ साली जुगारच ठरवले. मजा शिल्लक आहे का, हे पाहायचे असेल तर सूचना बंद करा आणि एक दिवस मुद्दाम चुकवून साखळी तोडा. दुसऱ्या दिवशी गेम आठवला तो लढाईसाठी की बुडालेल्या बक्षिसासाठी, ते तुमचे तुम्हालाच कळेल.

प्रश्न : माझ्या गेममध्ये मजा आहे की नाही हे लोकांकडून काढून कसे घ्यायचे? विचारले की सगळे “छान आहे” म्हणतात.

उत्तर : विचारलेत की ते तसेच म्हणणार, समोर बसलेल्या माणसाचे मन कोण मोडेल? म्हणून विचारू नका, बघा. गेम आधी न पाहिलेली पाच माणसे एकेकटी बसवा. स्क्रीन आणि हात दोन्ही रेकॉर्ड करा. “अडलात तरी मी मदत करणार नाही, तुम्हाला नाही, गेमला तपासतोय” एवढे सुरुवातीला सांगा आणि मग तोंड बंद. हेच सर्वांत कठीण असते. तुमच्या तोंडून “तिकडे डावीकडे...” निघाले की ती चाचणी वाया गेली.

नोंदी अशा ठेवा : कितव्या मिनिटाला पुढे झुकले, कितव्या मिनिटाला मागे रेलून फोनकडे पाहिले, कुठे तेच बटण चिडून पुन्हा पुन्हा दाबले, कुठे काही न मिळणारी गोष्ट नुसतीच गंमत म्हणून केली. ही शेवटची नोंद सोन्यासारखी. माणूस बक्षीस नसतानाही गोल गोल उड्या मारत असेल, तर कंट्रोल जमलेत. वीस मिनिटांनी सांगा, “झाले, आता थांबलात तरी चालेल,” आणि खोलीतून बाहेर पडा. पाच मिनिटांनी परत या. किती जण अजून खेळत होते, ते “छान आहे”पेक्षा जास्त बोलते.

मग दोनच प्रश्न : “काय काय घडले ते सांगा” आणि “कुठे काय करायचे ते कळेना?” तिघे एकाच जागी अडले तर ती जागा दुरुस्त करा, एकटाच अडला तर नोंद करून पुढच्या फेरीची वाट पाहा. लोकांनी सुचवलेले उपाय लिहून घ्या, पण लगेच अमलात आणू नका. “बंदूक जास्त ताकदीची करा” म्हणणाऱ्याची खरी अडचण बरेचदा अशी असते, की गोळी लागल्याचा आवाजच ऐकू येत नाही. पाच जणांत अडथळे सापडतात. गेम किती जणांना आवडेल याचा अंदाज मात्र पाच जणांवरून बांधू नका. आणि दुसऱ्या फेरीला नवीन पाच शोधा, कारण पहिल्या पाचांना आता खड्डा कुठे आहे ते ठाऊक असते.